वरातीच्या गाडीचा पंखा

वैशाख लागला की आमच्या दादरच्या गल्लीत दोन महिने बहिरा माणूस तेवढा सुखी असतो. कोपऱ्यावर मंगल कार्यालय आहे. तिथली सनईची टेप सकाळी सातला सुरू होते आणि तीन लग्नं उरकल्यावरच दमते. काल दुपारी कार्यालयापुढे फुलांनी झाकलेली एक छोटी पांढरी मोटार येऊन थांबली. नवरदेव उतरला, ड्रायव्हर किल्ली काढून मठ्ठा प्यायला आत गेला, बँडवाले सावलीला टेकले. सगळं क्षणभर गप्प झालं. आणि त्या बंद, रिकाम्या मोटारीच्या पोटात काहीतरी आपण होऊन गुणगुणू लागलं.

पंखा होता तो. हल्लीच्या मोटारींना विजेचा पंखा असतो. इंजिन बंद केलं तरी पाणी तापलेलं असेल तर तो आपला आपण फिरतो आणि पाणी निवलं की आपला आपण थांबतो. त्याला कुणाच्या हुकमाची गरज नाही, बटणाची नाही, आणि बटणाशी बसवलेल्या माणसाची तर मुळीच नाही. माणसाने लावलेल्या शोधांत हा मला फार शहाणपणाचा वाटतो. तो थोडा उशिरा लागला, एवढंच.

दत्ताराम परबाला तो महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीच लागला होता. फक्त त्याच्या पंख्याला बटण होतं.

मी तेव्हा लालबागच्या एका शाळेत मास्तर होतो. घर गिरगावात, पण दुपारचं जेवण दत्तारामच्या बायकोच्या खानावळीत. खानावळ म्हणजे चाळीतली त्यांची दहा बाय बाराची खोली. दुपारी तिच्यात बारा माणसं मांडीला मांडी लावून जेवत आणि संध्याकाळी त्याच जमिनीवर त्यांचा संसार पसरे. वहिनींच्या हातची तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी खाऊन मी दुपारी तिसरीच्या मुलांना व्याकरण शिकवी. मुलं माझ्यापासून थोडी लांब बसत.

दत्ताराम मिलमध्ये वायरमन होता. होता, म्हणजे चळवळीच्या आधी. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं म्हणत जे हजारो लोक रस्त्यावर आले त्यांच्यात तो होता, आणि जे थोडे पोलिसांच्या गाडीत सापडले त्यांच्यातही होता. सुटून आला तेव्हा मिलच्या गेटवर त्याचं कार्ड नव्हतं. रोज सकाळी भोंगा झाला की तो उठून बसे. जायचं कुठेच नसे, पण झोपून राहणं त्याला जमत नसे. मला त्या वर्षांतलं पुष्कळ काही आठवतं. बंद दुकानांच्या फळ्या, अश्रुधुराने डोळे चोळणारी माणसं, चाळीच्या जिन्यात सांडलेल्या चपला. पण भोंग्याबरोबर उठून भिंतीला टेकून बसलेला तो माणूस मला सगळ्यांत जास्त आठवतो. मी त्याला तसं बसलेलं पाहिलेलं नाही. वहिनींनी सांगितलं होतं. न पाहिलेलं कधी कधी जास्त टिकतं.

मग त्याने ती गाडी आणली. गिरगावातल्या एका सॉलिसिटरच्या वारसांनी अंगणातून उचलून न्यायच्या बोलीवर सोडलेली, टप खाली पाडता येणारी, लढाईच्या आधीची विलायती मोटार. दत्तारामने ती चार महिने उघडली आणि मिटली, आणि एके दिवशी ती चालली. वरातीला भाड्याने द्यायची असा बेत होता. लालबाग-परळच्या नवरदेवांना तोपर्यंत घोडा किंवा व्हिक्टोरिया बग्गी एवढंच ठाऊक. उघड्या मोटारीत बसायला मिळतं म्हटल्यावर पोरं लग्नाला तयार होऊ लागली.

अडचण एकच होती. ती उकळायची.

कारण साधं होतं. जुन्या मोटारीचा पंखा इंजिनाला पट्ट्याने बांधलेला असतो. इंजिन जोरात, तर पंखा जोरात; इंजिन मंद, तर पंखा मंद. मोटार धावत असली की समोरून वारा फुकट मिळतो, पंखा असला काय नि नसला काय. पण वरात म्हणजे पाच पावलं चालायचं आणि दहा मिनिटं नाचायचं. वारा नाही, पंखाही पेंगलेला, डोक्यावर वैशाख. लालबागच्या नाक्यापर्यंत गाडी कशीबशी जाई आणि तिथे तिच्या नाकातून वाफ निघे. एकदा मुंडावळ्या बांधलेला नवरदेव स्वतः डबा घेऊन नळावर गेला होता, कारण बाकी सगळे नाचत होते. लोकांनी गाडीचं नाव 'किटली' ठेवलं. नाव पडलं की गिऱ्हाईक पडतं. त्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर दोन वराती परत घोड्यावर गेल्या.

मला तेव्हाच एक विचार सुचला होता आणि मी तो शिक्षकांच्या खोलीत दोनदा ऐकवलाही होता: धावणारी गाडी तापत नाही, मिरवणारी तापते. सगळे हसले. मला वाटलं, मी पुढाऱ्यांविषयी बोलतो आहे.

दत्तारामने विचार ऐकवला नाही. तो दारूखान्याला गेला. एका रविवारी मलाही बरोबर नेलं. माझगावच्या पुढे, समुद्राकाठी, जिथे जुनी जहाजं फोडतात, तिथे भंगाराच्या वखारी. लढाई संपून पंधरा वर्षं होत आली तरी लष्कराचं सामान तिथे संपत नव्हतं. एका वखारीत पांढऱ्या दाढीचे चाचा नांगराच्या साखळीवर बसून शेंगदाणे खात होते. दत्तारामने ढिगातून एक पंखा ओढून काढला. लष्कराच्या वायरलेस गाडीत यंत्रं गार ठेवायला बसवलेला, बॅटरीवर चालणारा, चार पोलादी पात्यांचा, हिरव्या रंगाचे पोपडे आलेला.

"चलता है क्या?" दत्तारामने विचारलं.

"लड़ाई का माल है, भाई," चाचा म्हणाले. "अंग्रेज चला गया, ये अभी तक चलता है."

त्यांनी दोन वायरी बॅटरीला टेकवल्या. पंख्याने आधी विचार केल्यासारखा एक फेरा घेतला आणि मग असा सुटला की चाचांची टोपी आणि शेंगदाण्याची सगळी टरफलं माझ्या अंगावर आली. दत्ताराम हसला. त्याला हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. परत येताना तो पंखा मांडीवर घेऊन बसला होता आणि एका बोटाने त्याचं पातं सारखं थोडं थोडं ढकलत होता.

"मास्तरानू," तो म्हणाला, "ह्यो इंजिनाक बांधलेलो नाय. इंजिन हळू चलला तरी ह्यो आपल्या ऐटीत फिरतलो."

खोलीत पंखा शिरला तेव्हा वहिनी चुलीपुढे घामाघूम होत्या. त्यांनी तो आधी नवऱ्यासकट वरपासून खालपर्यंत पाहिला. "घरातल्या माणसांक वारो नाय, आणि मोटारीक पंखो!" त्या म्हणाल्या. "उद्या तिका पावडर पण लावा."

गाडीवरचं काम त्याने चाळीच्या मागच्या बोळात केलं. जुना पंखा काढला; दोघांना जागा नव्हती. चाळीच्या जुन्या कठड्याच्या लोखंडी पट्ट्या वाकवून नव्यासाठी कोंदण केलं. पातं जाळीला घासू नये म्हणून तो मधे वहिनींचं उलथनं सरकवून अंतर मोजायचा. मिलच्या शिस्तीने प्रत्येक वायरीला रंगीत दोऱ्याची खूण केली, आणि समोरच्या फळीवर, चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला, एक पितळी बटण बसवलं. मग पंख्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला. त्या दिवशी गाडी इंजिन चालू ठेवून भर उन्हात पाऊण तास जागच्या जागी उभी केली. पाण्याच्या टोपणावर उष्णता दाखवणारं घड्याळासारखं मीटर होतं. त्याचा काटा वर चढला, थबकला, आणि पंख्याचं बटण दाबल्यावर शरमल्यासारखा खाली आला. चाळीने टाळ्या वाजवल्या. पुढच्या तीन वराती न उकळता पार पडल्या. किटली हे नाव राहिलं, पण आता ते लाडाने घेत.

त्या आठवड्यांतली दुपार मला अजून नाकाने आठवते. झेंडू, तापलेलं रबर, तिरफळं, आणि कुठल्याशा मांडवातून येणारा मोगऱ्याच्या गजऱ्यांचा सुस्त वास. राज्य होणार हे ठरलं होतं. चाळीचाळीत पताका लागत होत्या. वर्षानुवर्षं ज्या गोष्टीसाठी माणसांनी छातीवर गोळ्या घेतल्या ती गोष्ट सरकारी टपालाने येते आहे असं वाटत होतं. मला आनंद झाला होता. मी त्याच्यावर थोडं हसतही होतो, कारण आनंद झाला की हसून तो झाकायचा ही माझी जुनी खोड.

आमच्या विभागात मिरवणूक निघायची ठरली. मिरवणुकीला पुढारी लागतो, आणि पुढाऱ्याला उघडी मोटार. पुढारी होते ते साहेब. नाव सांगण्यात अर्थ नाही, असे प्रत्येक विभागात एक असतात. गोळीबाराच्या वर्षी ते प्रकृतीच्या कारणाने पाचगणीला होते. यश जवळ आलं तशी हवा मानवून परत आले. त्यांचा माणूस दत्तारामकडे आला. भाड्याची भाषा नव्हती. दत्तारामनेच शब्द टाकला: मिलमधली जागा परत मिळेल काय? दुसऱ्या दिवशी निरोप आला, "साहेब म्हणाले, मिरवणूक होऊ दे. मग मॅनेजरला फोन करतो."

वहिनी म्हणाल्या, "फोन आधी करूक काय झाला?"

दत्ताराम म्हणाला, "तू गप रव." आणि फडकं घेऊन गाडी पुसायला बोळात गेला.

त्याने दोन अटी घातल्या. गाडीच्या तोंडाला फलक किंवा कापड बांधायचं नाही, आणि ध्वनिक्षेपकाला वेगळी बॅटरी आणायची. साहेब गाडीतूनच भाषण करणार होते. चालीच्या वेगाने जाताना गाडीचा डायनामो वीज भरत नाही. आहे त्या बॅटरीत एकतर पंखा जगेल नाहीतर भाषण, असं त्याने कार्यकर्त्यांना बोटावर मोजून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मिरवणुकीच्या संध्याकाळी वेगळी बॅटरी आली, पण ती भरायची कुणाच्या लक्षात राहिली नव्हती. "पाच मिनिटांचं भाषण, दत्तू," कार्यकर्ता म्हणाला आणि ध्वनिक्षेपकाच्या वायरी गाडीला जोडून मोकळा झाला. साहेब गाडीत मागे उभे राहिलेले होते. दत्तारामने त्यांच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि मिलच्या दिशेनेही पाहिलं असं मला वाटलं. मग मला म्हणाला, "मास्तरानू, तुम्ही पुढे बसा. ह्या बटणाक हात लावूक देव नका कोणाक." तो चालवायला, मी राखणीला.

गाडी निघायच्या आधी पाच सुवासिनींनी ओवाळलं आणि पहिला हार रिवाजाप्रमाणे गाडीच्या नाकावर घातला. जाळी मोकळी राहिली. ती दत्तारामने स्वतः तपासली. हार बसला तो टोपणावरच्या मीटरवर. शुभ हार काढायचा कसा? त्याने हात पुढे केला, सुवासिनींकडे पाहिलं आणि मागे घेतला.

आम्ही निघालो. पुढे लेझीम, मागे ढोल, दोन्हीकडच्या गॅलऱ्यांतून गुलाल आणि फुलं. दत्तारामचे डोळे रस्त्यावर. लेझीमवाले वळून वळून गाडीच्या चाकाखाली येत होते. साहेबांनी भाषण सुरू केलं, आणि कर्ण्यातून त्यांच्या शब्दांबरोबर एक घरघर बाहेर पडू लागली. पंख्याच्या मोटारीचा आवाज वायरीवाटे ध्वनिक्षेपकात शिरत होता. साहेब म्हणत, "बंधूंनो," आणि कर्णा म्हणे, "घर्रर्र." गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "साहेब, आधी खोकला काढा!" लोक हसले. मीही हसलो. मला तर त्या घरघरीतच भाषणाचं सार ऐकू येत होतं.

मग माझ्या खांद्यावर हात पडला. साहेब वाकले होते. अत्तराचा वास आला. "गुरुजी," ते म्हणाले, "आपल्यासारख्या विद्वानाला काय सांगायचं? लोकांना दोन शब्द ऐकू द्या. ते घरघरणारं जरा बंद करा. पाच मिनिटं."

लालबागेत मला कुणी गुरुजी म्हणत नसे, मास्तर म्हणत. विद्वान तर कुणीच म्हणालं नव्हतं. मी पुष्कळ वेळा स्वतःला सांगितलं आहे की मी दत्तारामच्या नोकरीचा विचार केला. साहेब खूश झाले तर मिलचं गेट उघडेल. तसा विचार मी केला, पण तो नंतर केला. आधी हात गेला. पितळी बटण माझ्या बोटाखाली टक् झालं आणि कर्णा स्वच्छ झाला. साहेबांचा आवाज पार नाक्यापर्यंत गेला. हुतात्म्यांचं नाव निघालं तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. मी ऐकत होतो. भाषण चांगलं होतं, हे सांगायची मला लाज वाटते.

परळला वळताना गाडीच्या नाकातून पांढरा ढग उठला. लोकांना वाटलं, धूप घातला. कुणीतरी 'जय' म्हणालं आणि टाळ्या पडल्या. साहेब त्या ढगात हात जोडून उभे होते. देखावा म्हणून तो उत्तमच होता. मग इंजिनात आतून काहीतरी कण्हलं आणि गाडी जागच्या जागी गच्च झाली.

साहेब उतरले. "चालायचंच," असं म्हणून ते पुढच्या ट्रकवर चढले. कुणीतरी कर्णाही काढून नेला. मिरवणूक आमच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखी वाहून गेली. दत्ताराम खाली उतरायला वळला तेवढ्या वेळात मी ते बटण पुन्हा दाबलं. आयुष्यात इतक्या चपळाईने मी दुसरं काही केलेलं नाही.

त्याने हार उचलला. झेंडू शिजले होते. पाकळ्या त्याच्या बोटांना भाजीसारख्या चिकटल्या. त्याने वाकून जाळीतून पाहिलं, आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"पंखो तर फिरता," तो म्हणाला. "मगे पाणी उकाळला कित्याक?"

मी बाहीवरचा गुलाल झटकत राहिलो.

"माझाच गणित चुकला," तो म्हणाला.

इंजिनाला वरून खालपर्यंत चीर गेली होती. त्या गाडीचे भाग मिळणं केव्हाच बंद झालेलं. ती हातगाड्या लावून दारूखान्याला गेली. साहेबांनी फोन केला की नाही कळलं नाही. दत्ताराम त्यांच्या दारात तीनदा जाऊन आला, चौथ्यांदा गेला नाही. पुढे तो फोर्टमध्ये एका कचेरीत रखवालदार झाला. चाळीत कुणाचा दिवा गेला, इस्त्री बिघडली, तर लोक सवयीने त्याला हाक मारत. तो म्हणे, "दुसऱ्याक विचारा. माझा गणित आता बरोबर येत नाय." गाडी गेल्याचं दुःख माणूस सांगू शकतो. हे त्याचं दुसरं नुकसान मला एकट्यालाच दिसत होतं, कारण ते मी एकट्यानेच केलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. व्याकरणाचा मास्तर होतो. वाक्य तयारही होतं. कर्ता, कर्म, क्रियापद. रोज बारा माणसांत बसून मी ते आमटीबरोबर गिळत असे.

पंखा तेवढा राहिला. वहिनींच्या हट्टाने त्याने तो खानावळीच्या भिंतीवर लावला, खाली गाडीचीच बॅटरी ठेवून; ती दर आठवड्याला गॅरेजात भरून येई. गार वारा यायचा. दोन वर्षं मी त्या वाऱ्यात जेवलो.

मग खोलीत रेडिओ आला, त्याच बॅटरीला जोडलेला. एका दुपारी मला उशीर झाला होता; पंगत उठून गेली होती, मी एकटाच पानावर होतो. दत्तारामला त्या दिवशी सुट्टी होती. बातम्या लागल्या आणि रेडिओ घरघरू लागला. दत्ताराम उठला. त्याने पंख्याची वायर काढली. पाती हळूहळू थांबली, घरघर गेली, आणि निवेदकाचा आवाज खोलीभर स्वच्छ पसरला. हातात वायर धरून तो तसाच उभा राहिला. बातम्यांकडे त्याचं लक्ष नव्हतं. तेव्हा त्याला कळलं की आधीपासून कळलेलंच होतं, हे मला आजही सांगता येत नाही. वायरमन माणूस, त्याचे कान माझ्यासारखे भाषणाला लागलेले नसणार.

"त्या दिवशी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सायबांचा भाषण शेवटाक किती साफ ऐकाक येय होता. नाय, मास्तरानू?"

माझा घास हातातच राहिला. वहिनी चुलीपाशी काहीतरी ढवळत होत्या.

दत्तारामने पुढे होऊन रेडिओ बंद केला. वायर पुन्हा जोडली. पंखा सुरू झाल्यावर त्याने तो भिंतीवर थोडा वळवला, वारा बरोबर माझ्या पानावर येईल असा, आणि म्हणाला, "जेवा. आमटी निवता."